लिस्बनमध्ये दोघी मैत्रिणी, चार रात्री आणि मोजके पैसे : तिकीट कुठे काढावे?

रेवदंड्याची_वाट

नमस्कार. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण येत्या ऑक्टोबरात चार रात्रींसाठी लिस्बनला जाणार आहोत. आमच्या रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी मनोरा आणि खाडीपलीकडे कोर्लईत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली यांच्या सोबतीने लहानाचे मोठे झाल्यामुळे, ते पोर्तुगीज ज्या बंदरातून निघाले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच हौस आहे. विमान, व्हिसा आणि राहण्याची सोय यांत बहुतेक पैसे गेले असून आता दोघींत मिळून दिवसाला 70 युरो उरतात. खाणे, फिरणे आणि प्रवेशशुल्क त्यातच बसवायचे आहे.

मैत्रिणीचे म्हणणे असे, की नदीकाठच्या बेलेम भागातला मठ, शहरातल्या टेकडीवरचा किल्ला आणि प्रसिद्ध लिफ्ट यांची तिकिटे आधीच काढून मोकळे व्हावे. माझे म्हणणे असे, की पायी हिंडावे आणि फुकट दिसेल ते आधी पाहावे. मात्र तिचा उजवा गुडघा दुखरा आहे आणि ते शहर सात टेकड्यांवर वसलेले आहे असे वाचले, की माझाच मुद्दा लंगडा पडतो. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे, की पैसे नेमके कुठे घालावेत?

बोटीवरचा_दाभोळ

ताई, बोटीवरच्या नोकरीत लिस्बनला दोनदा आणि नंतर सुट्टीवर म्हणून एकदा जाऊन आलो आहे. माझे मत थोडक्यात असे, की प्रवेशशुल्क एकाच ठिकाणी भरावे, वाहनावर हात आखडता घेऊ नये आणि उरलेले शहर बाहेरूनच पाहावे. लिस्बनचे सौंदर्य चार भिंतींच्या आत फार थोडे आहे.

ते एक ठिकाण म्हणजे बेलेमचा जेरोनिमोस मठ. त्याचे बांधकाम 1501 मध्ये सुरू झाले. आतल्या चौकाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांचे तिकीट माणशी 18 युरोंच्या घरात आहे, म्हणजे तुमच्या एका दिवसाचे निम्मे पैसे तिथेच जातील. तरीही ते भरा. त्या ओवऱ्यांच्या दगडात पीळ दिलेले दोर कोरलेले आहेत आणि जाळी-दोरखंड पाहत वाढलेल्या आपल्यासारख्या माणसाचा हात तिथे आपोआप दगडावर जातो. मठाला लागूनच असलेल्या चर्चमध्ये मात्र पैसे लागत नाहीत. तिकिटाची रांग आणि चर्चची रांग वेगळी असते, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण उगाच उन्हात ताटकळतात. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी आहे. 1497 मध्ये तो याच बेलेमच्या किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोचला. मठ सोमवारी बंद असतो. जुन्या लेखांत ‘रविवारी प्रवेश मोफत’ असे आढळेल, पण ती सवलत आता केवळ पोर्तुगालच्या रहिवाशांना मिळते.

लिफ्टवर पैसे घालू नका. सांता जुस्ता ही 1902 सालची लोखंडी लिफ्ट खालून सुरेख दिसते, पण तिच्या वरच्या पुलापाशी दुसऱ्या वाटेनेही पोचता येते. बायशा-चिआदो या मेट्रो स्थानकाचे एक दार सखल भागात तर दुसरे टेकडीवर उघडते आणि मधली सगळी चढण सरकते जिने पार करून देतात. तिथून कार्मो मठ थोड्याच पावलांवर आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आग पसरवली. त्या दिवशी कार्मोचे छप्पर गेले ते गेलेच, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. रेवदंड्याच्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही.

संध्याकाळी काइस दु सोद्रे धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिल्यासला जाणारी फेरीबोट धरा. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे आणि भाडे अगदी किरकोळ आहे. रेवसच्या लाँचेत बसल्यासारखे वाटेल, फक्त मागे वळल्यावर सगळे लिस्बन टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले दिसेल.

मालवणची_माहेरवाशीण

दाभोळकरांशी मी सहमत आहे, पण गुडघ्याचा विषय त्यांनी सरकत्या जिन्यांवरच सोडला, म्हणून लिहिते. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असून वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेले आहेत. पाऊस शिंपडला की ते शेवाळलेल्या पाणंदीइतके निसरडे होतात, आणि चढापेक्षा उतारच जास्त त्रास देतो. नवे कोरे बूट घालून जाऊ नका.

चोवीस तासांचा पास माणशी 7 युरोंच्या आसपास मिळतो आणि त्यात मेट्रो, बस व ट्राम येतात, पण प्रत्येकीचे कार्ड वेगळे हवे. तास पहिल्या वापरापासून मोजतात, त्यामुळे दुपारी सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. 28 क्रमांकाच्या ट्राममध्ये मार्तीं मोनीझला चढण्याऐवजी काम्पु दि ओरीक या दुसऱ्या टोकाला चढल्यास बसायला जागा मिळण्याचा संभव अधिक आहे. पर्स पोटाशी धरा, खिसेकापूंची ती आवडती गाडी आहे. किल्ल्याच्या टेकडीवर 737 क्रमांकाची लहान बस जाते. किल्ल्यात न शिरता पोर्तास दु सोल आणि सांता लुझिया या जवळजवळच्या सज्जांवर बसून राहिलात, तरी खालची आल्फामा ही जुनी वस्ती आणि नदी फुकट दिसते.

आता जेवणाचे सांगते. आमच्या पहिल्याच जेवणात मागितल्याशिवाय पाव, लोणी आणि ऑलिव्हची वाटी टेबलावर आली. पाहुणचार समजून आम्ही ती संपवली आणि बिलात तिचे पैसे निघाले. ही फसवणूक नव्हे, तिथली रीत आहे. नको असेल तर हात न लावता परत द्यावे. दुपारी पाटीवर ‘प्रातु दु दीआ’, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले पान, शोधा. खारवलेला कॉड मासा, म्हणजे बाकल्याव, एकदा तरी खा, मात्र तो आपल्या खाऱ्या बांगड्याइतका खारट लागत नाही, कारण शिजवण्याआधी तो बराच वेळ भिजवून, पाणी बदलून घेतात.

रेवदंड्याची_वाट

दोघांचेही मनापासून आभार. पासाचे 14, मठाचे 36 आणि दुपारच्या पानाचे साधारण 20 असे धरले, तर मठाच्या दिवशीचे 70 युरो तिथेच संपतात आणि रात्री पाव-केळ्यावर भागवावे लागेल. एखादा खर्च माझ्या नजरेतून सुटला आहे का?

आंजर्ले_मुक्काम

एक सुटला आहे. लिस्बनमध्ये पर्यटकाला माणशी दर रात्री 4 युरो मुक्कामकर द्यावा लागतो. तुमचे चार रात्रींचे 32 युरो होतील. राहण्याच्या रकमेत तो धरला आहे का, हे आजच विचारून घ्या.

पैशांवरून मैत्रिणींत कुरबुर होऊ नये म्हणून आम्ही दोघा मित्रांनी रोज सकाळी एका पिशवीत सारखी रक्कम टाकण्याची पद्धत ठेवली होती. तिकीट व सामाईक जेवण त्यातून, आणि ज्याला जादा कॉफी हवी त्याने ती स्वतःच्या खिशातून प्यायची. शिवाय एकीला किल्ला पाहायचाच असेल तर तिने जावे आणि दुसरीने सज्जावर बसावे. चार दिवस सारखे बरोबरच असले पाहिजे, असे नाही.

रेवदंड्याची_वाट

सगळे मैत्रिणीला वाचून दाखवले. मठाचे तिकीट पक्के झाले, लिफ्ट रद्द झाली, किल्ल्याचे तिथे गेल्यावर ठरेल. मुक्कामकर धरलेला नव्हता. पिशवी ती सांभाळणार आहे आणि ऑलिव्हची वाटी परत पाठवण्याचे काम तिने माझ्याकडे दिले आहे.