ब्रॉडकास्टवर विसंबू नका
ताई, प्रदर्शनाचं पोस्टर सगळ्यांना ब्रॉडकास्ट केलं की झालं, असं तुम्ही लिहिलंय. पण त्यात एक मेख आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, 256च जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. गेल्या दिवाळीआधी इंदुरातल्या राजवाड्याजवळच्या आमच्या फराळ-प्रदर्शनाच्या वेळी मी इथेच फसले. शेवटी कामी आला तो सोऱ्यातून चकली पडतानाचा छोटासा व्हिडिओ. आदल्या दिवशी सकाळी स्टेटसला टाकला, 24 तासांत उडतो म्हणून दुसऱ्या दिवशी परत. पोस्टरवर तारखेसोबत वारही लिहा, अन् मॅपची लिंक द्याच. 'राजवाड्यामागे' एवढ्यावर भागत नाही. इंदुरात लोक आधी गाडी कुठे लावायची ते विचारतात, चकली नंतर!