तीन तास मोजायचे कधीपासून?
आरोग्य विम्यात विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायचा नियम आल्यापासून कॅशलेसचा, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने थेट भरण्याच्या सोयीतला, त्रास संपला, असं म्हटलं जातं. मे २०२४ चा इर्डाचा (विमा नियामकाचा) तो नियम चांगलाच आहे. विमा कंपनीच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण हे तीन तास रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून मोजतात. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'घरी न्या' म्हणतात. मग उरलेली औषधं फार्मसीत परत, समरी टाइप, अंतिम बिल, यातच दुपार होते. आईच्या वेळी मी खाली टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कपाशी ताटकळत होते आणि वर ती साडी नेसून, सामान बांधून बसलेली, सलाइनचा हात सुजलेला. रुग्णालयाच्या या वेळेलाही मुदत घातलीच पाहिजे.

खोलीभाड्याचंही तसंच. पॉलिसीतली मर्यादा दिवसाला ५,००० रुपयांची आणि खोली ८,००० ची घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना मात्र ही कपात लावता येत नाही, तेव्हा सेटलमेंटचं पत्र ओळ न् ओळ तपासा. खरं तर भरतीच्या वेळीच हे लेखी सांगणं रुग्णालयाला सक्तीचं हवं.