‘ऑल दॅट जॅझ’ : कबुली की स्वतःचीच आरती?

विंगेतला
अमेरिकी दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांचा १९७९ सालचा ‘ऑल दॅट जॅझ’ हा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी न पडलेला एक प्रश्न या वेळी पडला. ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचा, नृत्यदिग्दर्शक जो गिडियन दिवसा नव्या संगीतिकेच्या तालमी घेतो, रात्री एका विनोदी कलाकारावरच्या चित्रपटाचे संकलन करत बसतो, आणि मधल्या वेळात सिगारेट, मद्य, गोळ्या आणि बायका यांच्या आधारावर उभा राहतो. हृदय जवाब देते तेव्हाही रुग्णालयाच्या खोलीत तो मैफल भरवतो आणि शेवटी मरतो. इथवर ही एका माणसाने स्वतःला जाळून घेण्याची कहाणी आहे, याबद्दल माझी शंका नाही. परंतु ते मरण फॉसी झगमगत्या रंगमंचावर, गाण्याबजावण्यासह घडवतात, आणि ज्यांना जोने आयुष्यभर दुखावले तीच माणसे प्रेक्षक म्हणून समोर बसवतात. मरण इतके देखणे केल्यावर हा चित्रपट जोला दोष देतो आहे, की त्याच्यावर भाळला आहे?

तिसरी घंटा
आपण शेवटावर बोट ठेवलेत, पण माझ्या मते आरोपपत्र त्याच्या कितीतरी आधी, सकाळच्या न्हाणीघरात लिहिले गेले आहे. संगीतकार विवाल्डीची कॅसेट, डोळ्यांत थेंब, पाण्यात फसफसणारी अल्का-सेल्टझर ही पित्तावरची गोळी, डेक्सेड्रिन या उत्तेजकाची गोळी, शॉवरखालीही ओठांत सिगारेट, आणि मग आरशासमोर हात पसरून खेळ सुरू होत असल्याची घोषणा. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी संगीत तेवढेच टवटवीत राहते. थकत जातो तो फक्त जो साकारणाऱ्या रॉय शायडर यांचा चेहरा. ॲलन हाइम यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले ते केवळ वेगवान कापाकापीसाठी मिळाले असेल, असे मला वाटत नाही. (जोच्या संकलकाची छोटी भूमिकाही त्यांनीच केली आहे.)

याहून बोलका धागा त्या संकलनकक्षातला आहे. जो ज्या चित्रपटावर रात्री घालवतो, त्यातला विनोदवीर मरणाच्या पाच टप्प्यांवर बोलतो: नकार, संताप, सौदेबाजी, खिन्नता आणि स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेली ही विभागणी जो शेकडो वेळा ऐकतो, पण त्याच्या कानाला फक्त विनोदाचा ठेका लागतो, वाक्य अर्धा क्षण आधी तोडावे की नंतर एवढाच त्याचा प्रश्न असतो. स्वतःच्या मरणाचा मजकूर हातात असताना त्याची नुसती लय दुरुस्त करत बसलेला हा माणूस आहे. कामाचे व्यसन म्हणजे जास्त तास काम करणे, अशी आपली ढोबळ समजूत असते. इथे ते व्यसन म्हणजे प्रत्येक गोष्टीचा अर्थ सोडून फक्त तिची बांधणी ऐकू येणे आहे.

उलटतपासणी
मी वरच्या मताशी निम्माच सहमत आहे. फॉसी १९७४ साली खरोखरच ‘लेनी’ या चित्रपटाचे संकलन आणि ‘शिकागो’ या संगीतिकेच्या तालमी एकाच वेळी करत होते आणि त्याच धावपळीत त्यांच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच. अशा खटल्यात कबुली कितीही निर्दय दिसली तरी शिक्षा किती द्यायची हे आरोपीच ठरवतो. त्यांच्या खऱ्या आयुष्यात सोबत राहिलेल्या ॲन राइनकिंग इथे जवळपास स्वतःचीच छाया असलेली जोची प्रेयसी केट साकारतात. हे धाडस आहे, तसाच हा हुकूमही आहे.

केट आणि जोची मुलगी मिशेल घरात त्याच्यासाठी नाचतात, ते दृश्य सर्वांना लोभस वाटते. मलाही वाटले. पण बापाचे लक्ष आपल्याकडे वळावे म्हणून मुलीला कार्यक्रम बसवावा लागतो, हे ध्यानात आल्यावर त्या नाचाचा रंग बदलतो. चित्रपटाला हे ठाऊक आहे, तरीही तो तिच्याजवळ थांबत नाही, कारण त्याला पुन्हा जोकडे पळायचे असते. हीच तर जोची खोड आहे.

प्रॉम्प्टर
दोन प्रसंगांची भर घालतो. संहितावाचनाच्या वेळी सगळे मेजाभोवती हसत असतात आणि आवाज अचानक नाहीसा होतो. ऐकू येतात ती फक्त जोची टकटकणारी बोटे आणि पाठीमागे मोडलेली पेन्सिल. दुसरा प्रसंग विम्याच्या हिशेबाचा. छाती उघडून चाललेली शस्त्रक्रिया आणि निर्मात्यांची बैठक आलटून पालटून दिसते, आणि जो मेला तर खेळ रंगमंचावर न येताच नफा होईल, हे तिथे शांतपणे मांडले जाते. ज्या धंद्यासाठी तो झिजला, त्या धंद्याच्या वहीत त्याचे मरण जमेच्या बाजूला पडते. यात भाळणे कुठे आहे?

विंगेतला
सर्वांचे आभार. संकलनकक्षाबद्दलचे निरीक्षण वाचून तो भाग पुन्हा पाहिला आणि माझा अर्धा आक्षेप मागे घेतला. शेवटच्या गाण्यानंतरचा काटही या वेळी अधिक बोचला: टाळ्यांचा गजर तुटतो, शवपिशवीची चेन वर ओढली जाते, जवळ कोणीही नसते, आणि मग ब्रॉडवेच्या गायिका एथेल मर्मन यांचा खणखणीत आवाज रंगभूमीच्या धंद्याचे गोडवे गाऊ लागतो.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र कायम आहे. रुग्णालयातल्या भ्रमदृश्यांत खाटेवर एक जो असतो आणि कॅमेऱ्यामागे दुसरा. केट, घटस्फोटित पत्नी ऑड्री आणि मिशेल त्याला विनवत असताना तो दुसरा जो चित्रीकरण कसे होते आहे ते पाहतो. फॉसी स्वतःला एवढे नेमके ओळखत होते, आणि तरी त्यानंतर १९८३ साली ‘स्टार ८०’ हा चित्रपट, १९८६ साली ‘बिग डील’ ही संगीतिका असे कामाचे गाडे चालूच राहिले. २३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये, ‘स्वीट चॅरिटी’ या त्यांच्या जुन्या संगीतिकेच्या पुनरुज्जीवित प्रयोगाच्या संध्याकाळी, हृदयविकारानेच ते गेले. वय ६० होते. उलटतपासणी यांना माझा प्रश्न असा, की मिशेलच्या बाजूने हाच चित्रपट लिहिला असता, तर तो नाच आपण कुठे ठेवला असता?