गड्ड्यावरचा करवतीचा खेळ
कुणीतरी लिहिलंय, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जादूच्या तंबूत बाईला करवतीने कापायचा खेळ आपल्याकडचाच, जुना. नाही हो! तो पी. टी. सेल्बिट या इंग्रज जादूगाराने १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये रंगमंचावर आणला. बाई पेटीत पूर्ण बंद. मनगटं, घोटे, गळा दोरीने बांधलेले आणि दोऱ्यांची टोकं प्रेक्षकांच्या हातात. डोकं-पाय बाहेर दिसणारी पेटी त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने गाजवली. मला मात्र सेल्बिटच जास्त बेरकी वाटतो, प्रेक्षकांनाच पहारेकरी केलं की! आपले जादूगार पी. सी. सरकार यांनी १९५६ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात एका मुलीवर करवत चालवली, मुलगी उठायच्या आतच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या लोकांनी फोन करकरून बीबीसीला भंडावून सोडलं.