प्रेरणा आधी की भागाकार आधी?

खडू_डस्टर
गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत एक प्रेरणादायी वक्ते येऊन गेले. दोन तास बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शेवटी सगळ्यांनी मूठ वर करून 'मी करणारच' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सातवी ब मधल्या त्याच सहा वह्या कोऱ्या.

मी १४ वर्षं गणित शिकवतोय, तालुक्याच्या गावी. माझं मत मांडतो, मग हाणा. मागं पडलेल्या पोराला प्रेरणा बाहेरून पाजता येत नाही. ते पोर कुठंतरी अडलेलं असतं, बहुतेक वेळा दोन-तीन इयत्ता मागं. न कळणाऱ्या तासाला रोज बसून 'आपल्याला जमत नाही' हे त्यानं कबूल करून टाकलेलं असतं. अडलेली जागा हुडकायची आणि तिथलं एक गणित त्याच्या हातानं सुटू द्यायचं. हुरूप मागनं येतो.

त्या सहांपैकी एकाचं सांगतो. ६१२ भागिले ६, यानं उत्तर लिहिलं १२. नेहमीप्रमाणे फुली मारली असती तर विषय संपला असता. शेजारी बसवून करायला लावलं. सहा एके सहा, बरोबर. १ खाली घेतला, भाग जाईना, म्हणून लगेच २ पण खाली घेतला. वर मधलं शून्य मांडायचं राहिलं. म्हटलं, "६१२ रुपये सहा जणांत वाटले, तर एकेकाला १२?" पोरगा हसला. "न्हाय सर, शंभर तर येनारच की!" हा आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकतो. हिशेब पक्का आहे, फक्त कागदावर आला की तोंड शिवतो. त्या दिवशी त्यानं तसली अकरा गणितं केली. मी पाचच दिली होती.

निवृत्त_हेडमास्तर
सर, तळमळ दिसते, पण मत पटलं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं. त्यानंतर नववीत येणारी पोरं मी पाहिली आहेत. धड्यातला उतारा सलग वाचता येत नाही आणि त्याची खंतही नाही. पुढं ढकलणारच आहेत म्हटल्यावर अभ्यास कोण करतो? २०१९ ला केंद्रानं कायदा बदलला, २०२३ मध्ये आपल्या राज्यानंही पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली, फेरपरीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात. हे आधीच व्हायला हवं होतं.

भीती नको हे मान्य. पण धाक हवा. दोन्हींत फरक आहे. आणि तुम्ही सहा जणांना चौथीचा भागाकार शिकवत बसलात, तेव्हा बाकीच्या पन्नास जणांचं काय?

फिटर_७८
हेडसर, मी आठवीला नापास झालेला. १९९२ साली. तुमचा धाक भरपूर होता तेव्हा.

आमचे एक सर पेपर मार्कांच्या उतरत्या क्रमानं वाटायचे. वरची नावं झाली की वर्ग हळूहळू मागं वळून माझ्याकडं बघायला लागायचा. शेवटचा पेपर माझा असणार हे ठरलेलंच, तो ते हातात न देता बाकावर टाकायचे. नापास केल्यावर दुसऱ्या वर्षी काय झालं? तेच पुस्तक, तेच सर, तीच गणितं, फक्त मी वर्गात सगळ्यात उंच. ज्या जागी पहिल्या वर्षी अडलो त्याच जागी दुसऱ्या वर्षी अडलो. नापास केल्यानं वर्ष वाढतं, समजूत कशी वाढेल?

दहावी दुसऱ्या फटक्यात काढून आयटीआयला गेलो. तिथं व्हर्नियर हातात आला. ०.०२ मिलीमीटरपर्यंत मोजायचं. शाळेत दशांश अपूर्णांक म्हटलं की पोटात गोळा यायचा, इथं चुकीचं वाचलं की जॉब, म्हणजे घडवलेला भाग, ढिला बसतो हे डोळ्यांनी दिसायचं. पंधरा दिवसांत दशांश आले. आमच्या इन्स्ट्रक्टरनी भाषण एकदाही केलं नाही.

बोरूबहाद्दर
अवांतर: अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत 'ढ' हे अक्षर जवळपास तसंच राहिलं, म्हणून जो बदलत नाही तो 'ढ', अशी व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण अक्षर बदललं नाही यात दोष अक्षराचा की लिहिणाऱ्यांचा? चालू द्या.

सहावी_अ
खडू_डस्टर, राग मानू नका, पण वाचून चिडचिड झाली. माझ्या वर्गात ६२ पोरं आहेत. कायद्यात सहावीला ३५ मागे एक शिक्षक लिहिलंय. तास ३५ मिनिटांचा, त्यात हजेरी. शिवाय मी बीएलओ, म्हणजे मतदार याद्या माझ्याकडं. पोषण आहाराच्या नोंदी, आणि ग्रुपवर 'आजच्या आज माहिती भरा'. शेजारी बसवून भागाकार करून घ्यायला मला कोण बसवणार शेजारी? प्रत्येक वेळी चर्चा 'शिक्षकानं काय करावं' इथंच येऊन थांबते. पटसंख्या कमी करा, मग प्रेरणेचं विचारा.

आकडेमोड
@सहावी_अ, वैताग समजू शकतो, पण नुसती पटसंख्या कमी करून भागतं का, यावर चांगला पुरावा आहे. 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत तपासला गेला होता. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढं २०१९ चं नोबेल मिळालं. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास बाजूला घेऊन बसायची आणि पाया पक्का करून घ्यायची. ती मुलं पुढं सरकली. गंमत अशी की, ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, पण तिथं राहिलेल्यांना त्याचा म्हणावा असा फायदा झाला नाही. म्हणजे फरक पडला तो मुलाच्या पायरीवर जाऊन शिकवल्यानं.

सहावी_अ
बरोबर. पण बालसखी ही जादा व्यक्ती होती ना? तीच तर मागतेय मी.

दोन_पोरांची_आई
मी शिक्षिका नाही, पण 'बाजूला घेऊन बसणं' याचं एक टोक माझ्या घरात पाहिलंय. धाकटीला पाचवीत असंच वेगळ्या गटात घेतलं. हेतू चांगलाच होता. आठवड्याभरात रिक्षातली मुलं तिला 'कच्चा लिंबू' म्हणायला लागली. खेळात कच्चा लिंबू असलं की आऊट झाल्याचं कुणी मोजत नाही, तसं 'हिचं उत्तर धरायचं नाही' असं वर्गात सुरू झालं. गट सुरू असेपर्यंत ती रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायची. तेव्हा पायरी वगैरे ठीक, पण बाकीच्यांसमोर ती पायरी दाखवता कशी, ते लिहा ना कुणीतरी.

खडू_डस्टर
@दोन_पोरांची_आई, ताई, ही चूक मी केलेली आहे. पहिल्या वर्षी गटांना नद्यांची नावं दिली, म्हटलं कळणार नाही. दोन दिवसांत पोरांनी ओळखलं की 'कोयना' म्हणजे ढ. आता गट कायमचे नसतात. परिपाठानंतर वीस मिनिटं अख्खा वर्ग फुटतो, कुणी भागाकार, कुणी अपूर्णांक, कुणी ऋण संख्या. दर पंधरा दिवसांनी गट मोडतात. वर्गात पहिली येणारी मुलगी यंदा अपूर्णांकाच्या गटात निघाली. तिला सूत्र पाठ होतं, पण पाव आणि एक तृतीयांश यांत मोठं कोण ते सांगता येईना. ती त्या गटात बसल्यावर चिडवाचिडवी बरीच थांबली. पूर्ण नाही.

@सहावी_अ, माझ्याकडं ५४ आहेत आणि यंदा बीएलओची ड्युटी नाही. असती तर हा धागा मी काढला नसता, हे खरं.

@हेडसर, बाकीच्या पन्नास जणांपैकी निम्मे कुठं ना कुठं अडलेलेच निघाले. पेपरात ४५-५० मार्क पडतात म्हणून दिसत नव्हते.

निवृत्त_हेडमास्तर
अपूर्णांकाचं उदाहरण मार्मिक आहे. पण सहांचा हिशेब द्या. किती सुधारले? आणि सुधारलेल्यांना पुढं नववीत तुमच्यासारखा माणूस मिळाला नाही तर? परीक्षा निदान सगळ्यांना सारखी असते. तुमची पद्धत तुमच्या खुर्चीवर अवलंबून आहे. मी माझ्या मतावर कायम आहे. मात्र पेपर उतरत्या क्रमानं मीही वाटत असे. फिटर_७८ यांचं वाचून तो वर्ग डोळ्यापुढं आला.

खडू_डस्टर
प्रामाणिक हिशेब: चौघं सातवीच्या गणिताला हात घालायला लागलेत. एकाला अजून वाचनच येत नाही, तिथं मी कमी पडलोय. सहावा म्हणजे तो भाजीवाला. गेल्या वर्षी हाच सहावीत असताना दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून घरी जाऊन सांगितलं, पण धाकट्या बहिणीला फडावर कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न. पाडव्याच्या सुमारास परत आला तो वहीच्या मागच्या पानावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती फिटली याचा हिशेब मांडूनच. "सर, बघा बरं, बरोबर हाय का?"

भागाकारात मधलं शून्य खाल्लेलंच होतं. तेव्हा घाईत नुसतं उत्तर दुरुस्त करून दिलं, चूक कुठं होती ते दाखवलं नाही. म्हणून ते यंदा ६१२ ला परत निघालं.

यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा जाणार. फडावर नेता येईल असं काही द्यायचं म्हणतोय. मोबाइल एकच, तोही बापाकडं. कुणी ऊसतोडीच्या पोरांसाठी असं काही केलं असेल तर इथं लिहा.