मदत हवी आहे: दोन वजनकाटे, एक संगणक आणि सतत बदलणारा कॉम पोर्ट

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात भुसार विभागात मामांचा गाळा आहे. तिथे नवा विंडोज ११ वाला संगणक आला आणि सगळी जोडाजोडी माझ्या गळ्यात पडली. मी वेबसाइट बनवतो, पण "तू कॉम्प्युटरवाला ना?" यावर काही बोलायची सोय नसते.

बारकोड स्कॅनरला ड्रायव्हर लागलाच नाही. संगणक त्याला कीबोर्ड समजतो, नोटपॅड उघडून तपासला. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर अक्षरं असलेला कोड देवनागरीत उमटतो, एवढंच सांभाळायचं. थर्मल प्रिंटरनेही टेस्ट पेज काढलं.

घोडं अडलंय काट्यांपाशी. दोन्हींना मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे, म्हणून तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दोन बिननावाचे यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर आणले. हार्डवेअर आयडीत व्हीआयडी (उत्पादकाचा क्रमांक) १ए८६, पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ७५२३ दिसतं, म्हणजे चिप सीएच३४०. ड्रायव्हर बसलाय, पिवळं उद्गारचिन्ह नाही.

तरी दोन त्रास आहेत. विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला एक कॉम नंबर देतं; बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा काटा कॉम३, छोटा कॉम४ असं भरलंय. झाडलोट करताना वायरी निघाल्या आणि दुसरीकडे लागल्या की कॉम५, कॉम६ होतं आणि काटा 'सापडत नाही'. दुसरं म्हणजे छोट्या काट्याकडून काहीतरी येतं, पण अर्धवट कचरा. दोष ड्रायव्हरचा, कन्व्हर्टरचा की काट्याचा, हे वेगवेगळं कसं तपासायचं? काटा उघडता येणार नाही, त्याला वैधमापनवाल्यांचं सील आहे. मामांचं निदान ठरलेलं आहे: काटा चोख, संगणक खोटा.

प्रतिसाद १

आधी काटा बाजूला ठेवा. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकाला पिन २ आणि ३ एका छोट्या वायरने जोडा. पुटी (सिरियल पोर्टशी थेट बोलणारा फुकट प्रोग्राम) उघडून तो कॉम पोर्ट निवडा, फ्लो कंट्रोल 'नन' करा, लोकल एको (टाइप केलेलं पुटीनेच पडद्यावर दाखवणं) बंद करा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर आलं तर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर दोन्ही ठीक. वायर काढल्यावर अक्षरं यायची थांबली पाहिजेत, तेही बघा. नाहीतर तुम्ही पुटीचाच एको बघत बसाल.

पण या चाचणीवर फार विसंबू नका. पाठवणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) काहीही चुकलेलं असलं तरी ती पास होते.

प्रतिसाद २

नंबर बदलण्यात ड्रायव्हरचा दोष नाही. या कन्व्हर्टरमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो. दोन सारखे कन्व्हर्टर लावले तर विंडोजला त्यांच्यात फरक करायला एकच खूण उरते: कुठल्या भोकात लावलाय. भोक बदललं की त्याच्या लेखी नवीन वस्तू, म्हणून नवा नंबर. जुन्या भोकात परत लावा, जुना नंबर परत येईल.

फुकटचा उपाय म्हणजे वायर आणि भोक दोन्हींवर एकाच रंगाचं स्टिकर. पैशाचा उपाय म्हणजे एफटी२३२आर चिपचे कन्व्हर्टर. त्यांच्या आतल्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) कारखान्यातूनच वेगळा सिरियल नंबर भरलेला असतो, त्यामुळे कुठेही लावले तरी कॉम नंबर तोच राहतो. तपकीर गल्लीत स्वस्तात मिळाला तर मात्र संशय घ्या. २०१४ साली ही चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा पीआयडी शून्य करून टाकला होता, बरीच आरडाओरड झाली होती तेव्हा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' करून जुने फिके पोर्ट काढून टाका. नंबर दहाच्या आत ठेवा, काही जुन्या सॉफ्टवेअरला कॉम१० आणि पुढचे उघडता येत नाहीत. पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये नंबर बदलता येतो.

धागाकर्ता

पिना जोडून पाहिलं, दोन्ही कन्व्हर्टर पास. स्टिकरही लावले. मोठा काटा ९६०० बॉड रेटवर व्यवस्थित बोलतो. छोटा त्याच सेटिंगवर अजूनही कचरा देतो. गंमत म्हणजे काही आकडे बरोबर येतात.

प्रतिसाद १

कोणते आकडे बरोबर येतात ते नीट बघून सांगा. वजन बदलत राहा.

धागाकर्ता

०, ३, ५, ६, ९ कायम बरोबर. १, २, ४, ७, ८ कायम कचरा.

प्रतिसाद १

मग सापडलं! बॉड रेट चुकला असता तर एकही आकडा धड आला नसता. ज्या आकड्यांच्या आस्की कोडमध्ये (प्रत्येक अक्षराचा ठरलेला ०-१ चा कोड) १ या बिटांची संख्या सम आहे तेच तुमच्याकडे नीट येतात. छोटा काटा ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी (१ ची एकूण संख्या सम करणारा बिट) पाठवतोय, तुम्ही ८ बिट, नो पॅरिटीने वाचताय. १ ची संख्या विषम झाली की पॅरिटीचा बिट १ होतो आणि तुमच्या बाजूला तो आठवा डेटा बिट बनून अक्षर बिघडवतो. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त त्या पोर्टला ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट करा. मोठ्याला हात लावू नका.

धागाकर्ता

केलं. १२.४७८ किलो स्वच्छ आलं, सगळे बिघडणारे आकडे एकाच वजनात. आता संगणक रीस्टार्ट करून आणि स्लीपमधून उठवून दोन्ही काटे परत बघतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबचं वीज वाचवायचं टिकही काढून ठेवतो, दुपारी गिऱ्हाईक नसताना काटा झोपायला नको. मामांना सांगितलं, दोघंही चोख. त्यांना पटलेलं दिसत नाही.