एम पेशीला ‘पहारेकरी पेशी’ म्हणावं का?

प्रश्न: नागपुरातल्या दहावीच्या मुलांसाठी आतड्यावर टिपण लिहिते आहे. ‘पेशी’ शब्दापाशीच अडले. आमच्याकडे पेशी म्हटलं की मुलांना कोर्टाची तारीख आठवते, ‘उद्या बाबांची पेशी आहे’ अशी. हिंदी शाळेतून आलेल्यांना मांसपेशी, म्हणजे स्नायू आठवतो. शिवाय आतड्याच्या अस्तरातल्या एम पेशीला मी ‘पहारेकरी पेशी’ लिहिलंय. चालेल?

उत्तर: ‘पेशी’ ठेवाच. कोर्टातली पेशी फारसीतल्या ‘पेश’वरून, म्हणजे समोर हजर होणं. आपली पेशी संस्कृत, मूळ अर्थ मांसाचा गोळा. हिंदीनं तो अर्थ स्नायूकडे नेला आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. मुलांना हे एकदा सांगितलं की गोंधळ संपतो.

‘पहारेकरी’ मात्र काढा. पहारेकरी अडवतो, ही पेशी आत घेते. लहान आतड्यात पेयरची चकंदळं, म्हणजे प्रतिकारपेशींचे पुंजके, असतात (स्विस वैद्य पेयर यांनी १६७७ मध्ये वर्णन केलेली), त्यांच्यावरच्या अस्तरात ती बसलेली असते. आतड्यातले जंतू, कण उचलायचे आणि पलीकडे टपून बसलेल्या प्रतिकारपेशींच्या हाती द्यायचे, हे तिचं काम. मी ‘नावाडी पेशी’ म्हणेन. नावाडी कोण बसलंय ते विचारत नाही. टायफॉईडचे जंतूही याच नावेतून पार होतात. ‘एम’ हे अक्षर तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वळ्यांवरून (इंग्रजीत मायक्रोफोल्ड) आलं, १९७४ मध्ये ओवेन आणि जोन्स या संशोधकांनी दिलेलं. तिच्या कामाशी त्याचा संबंध नाही, म्हणून कामावरून नाव देणं मला योग्य वाटतं.

आणखी एक, ‘एम पेशी तयार होतात’ असं लिहू नका, ‘घडतात’ लिहा. अस्तराच्या खळग्यांत तळाशी मूळपेशी असतात, त्यांच्यापासूनच अस्तराच्या साऱ्या पेशी येतात. चकंदळ्यावरच्या अस्तराखालच्या आधारपेशी रँक-एल नावाचं प्रथिन देतात. तो निरोप पोचला की वर सरकणाऱ्या पेशीत स्पाय-बी हे जनुक जागं होतं आणि तिची एम पेशी होते. उंदरांना हे प्रथिन बाहेरून दिलं, तर चकंदळं नसलेल्या जागीही एम पेशी उगवल्या. म्हणजे पेशी काय होणार ते शेजारावर ठरतं. ‘घडणे’त हे सगळं येतं, ‘तयार’मध्ये येत नाही.

प्रश्नकर्ती: ‘नावाडी’ घेतला, कंसात एम पेशी. ‘अस्तर’ ठेवू ना? गोधडीचं अस्तर वर्षानुवर्षं तेच राहतं, हे तर तीन ते पाच दिवसांत बदलतं.

उत्तर: ठेवा. फक्त त्याच वाक्यात ‘सतत नवं होणारं अस्तर’ लिहा.